पकडीचा गडी

कयाधू नदीच्या वाळवंटात आम्ही हुतूतू खेळत असू, त्या दिवसांपासून आजच्या भाषणाचा आरंभ करतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९९९ साल उजाडावे लागले. उन्हाळ्यात नदीचे पाणी एका कडेला सरे आणि उरलेल्या विस्तीर्ण रेतीत पायाच्या अंगठ्याने चार रेघा ओढल्या की आमचे मैदान सिद्ध होई. आमच्या आळीत एक मुलगा होता. अंगाने काटकुळा, पण चढाईला निघाला म्हणजे वाऱ्यासारखा. त्याचे नाव आजही, साठ वर्षे लोटल्यावर, आमच्या वयाची माणसे घेतात. मी त्याच संघात होतो. मी कोपऱ्यावर उभा राहत असे. प्रतिपक्षाचा गडी आत आला की त्याच्या घोट्याला मिठी मारायची, तोंड रेतीत गेले तरी ती सोडायची नाही, आणि बाकीचे येऊन पडेपर्यंत कळ काढायची, एवढेच माझे काम. मी किती जणांना धरले हे कोणी मोजले नाही. खरे सांगायचे तर मीही मोजले नाही.

हे सारे मी विसरूनही गेलो होतो. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याकडे अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी राहण्याचा योग आला, आणि एका रविवारी त्याने मला दूरचित्रवाणीसमोर बसवून तिकडचा फुटबॉल दाखविला. नाव फुटबॉल असले तरी त्यात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. दोन्ही बाजूंचे अकरा अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. एकाच्या हाती चेंडू जातो, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात, आणि तो चेंडू पुढे फेकण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी त्यास तीन-चार क्षणांची सवड लागते. ती सवड त्याला मिळवून देण्यास त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसे वाकून उभी असतात. मी पुतण्यास विचारले, "अरे, हे पाचजण चेंडूला हात केव्हा लावतात?" तो हसून म्हणाला, "काका, मधला एकटा चेंडू मागे देतो. बाकीच्या चौघांनी जन्मात लावला नाही तरी चालतं." तेव्हा कयाधूची रेती माझ्या एकदम डोळ्यांपुढे आली. आज मला आपणांपुढे बोलायचे आहे ते या गड्याविषयी. जो धरून ठेवतो, थोपवून धरतो, आणि ज्याच्या जोरावर दुसऱ्याचे नाव होते, त्याची किंमत केव्हा आणि कशी होऊ लागली, हा आजचा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अमेरिकेतील त्या फळीची आणि आपल्या कबड्डीतील पकडीची कथा पुष्कळ अंशी एकच आहे.

प्रथम तिकडची कथा थोडक्यात सांगतो. हा खेळ इंग्रजांच्या रग्बीतून निघाला. १८८० च्या सुमारास येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प याने, दोन्ही पक्षांच्या मध्ये एक रेघ कल्पून चेंडू एका पक्षाच्या ताब्यात देण्याचा नियम आणला, आणि तेव्हापासून त्या रेघेवर उभ्या राहणाऱ्या फळीस महत्त्व आले. पुढे १८९२ साली १२ नोव्हेंबर रोजी, याच पिट्सबर्ग परिसरात, दोन क्रीडासंस्थांचा सामना झाला. त्यांपैकी अॅलेघेनी संस्थेने विल्यम हेफेलफिंगर नावाच्या येलच्या माजी खेळाडूस एका सामन्यासाठी पाचशे डॉलर दिले. पैसा घेऊन हा खेळ खेळल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा हाच. हेफेलफिंगर फळीतला गडी होता. त्या काळी एकच खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळे; प्रतिपक्षाचा चेंडू निसटला तो उचलून हा भारदस्त माणूस स्वतःच धावत सुटला आणि त्याच्या संघाने सामना चार विरुद्ध शून्य असा जिंकला. मौज पुढेच आहे. हा व्यवहार त्या संस्थेच्या हिशेबाच्या कागदांत गाडलेला राहिला. त्यामुळे विसाव्या शतकाची साठ वर्षे उलटेपर्यंत पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून मान मिळे तो जॉन ब्रॅलियर या १८९५ सालच्या दहा डॉलर घेणाऱ्या खेळाडूस, आणि तो होता क्वार्टरबॅक! पाचशे डॉलर घेणारा फळीतला माणूस विस्मृतीत, आणि दहा डॉलर घेणारा चेंडूवाला इतिहासात.

या फळीवाल्याचे कसब पाहून मला एका गोष्टीचे फार नवल वाटले. त्याला समोरच्याला थोपवायचे असते, पण कवळ घालून धरायची मात्र मनाई. तसे धरलेले पंचाला दिसले की संघास दहा यार्ड मागे जावे लागते. छातीने, खांद्याने, हाताच्या तळव्यांनी आणि पावलांच्या चपळाईने प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवायचे, आणि तेही स्वतः मागे सरकता सरकता. आपल्याकडे पहिलवान पट काढतो तेव्हा पुढे घुसतो. हा मागे हटत कुस्ती खेळतो. आजकाल या जागेवरील माणसे बहुधा एकशे तीस-चाळीस किलो वजनाची असतात, परंतु पावले पाहावीत तर नर्तकाची.

आणि याची किंमत? पिट्सबर्ग शहराने ज्याला डोक्यावर घेतले तो माइक वेबस्टर फळीच्या ऐन मध्यभागी उभा राहत असे. १९७४ पासून १९८८ पर्यंत तो त्या शहराच्या संघात होता, आणि त्या काळात संघाने चार वेळा अजिंक्यपद मिळविले. पुढे दोन वर्षे तो कॅन्सस सिटीकडून खेळला. म्हणजे एकंदर सतरा हंगाम. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्याचे डोके आपल्या डोक्यावर घ्यायचे, हा त्याचा सतरा वर्षांचा नित्यक्रम. १९९७ साली त्यास तिकडच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. पण तोवर त्याचे मन आणि स्मरणशक्ती ढासळली होती; घर मोडले होते, आणि काही काळ तर तो आपल्या मोटारीतच रात्री काढी. २४ सप्टेंबर २००२ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. नायजेरियात जन्मलेल्या बेनेट ओमालू या डॉक्टरने त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणाऱ्या विकाराची चिन्हे त्यात आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध केले. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाच्या निधीने त्याच्या व्याधीचा काळ कमी धरला म्हणून जो दावा चालला, त्याचा निकाल अपिलातही, २००६ साली, त्याच्या वारसांच्या बाजूने लागला. पण तो पाहण्यास वेबस्टर उरला नव्हता. पुतण्याच्या घरी भिंतीवर त्या संघाचे जुने चित्र होते. मी त्यात वेबस्टर कोणता ते विचारले, तर त्यालाही बोट ठेवायला जरा वेळ लागला.

आता आपल्या घरी येऊ. हा अमेरिकन खेळ आपल्या भूमीत आणण्याचा एक प्रयत्न २०१२ साली झाला. त्या लीगमध्ये पुण्याच्या संघाचे नाव मोठ्या अभिमानाने 'मराठाज' असे ठेविले होते. परंतु रोप रुजले नाही. रुजावे तरी कशाला? अंगाने अंग थोपविण्याची आमची हौस भागविणारा खेळ येथे शतकानुशतके होताच. महाराष्ट्रात त्यास हुतूतू म्हणत, बंगालात हुडुडु, तमिळ मुलखात चेडुगुडू. त्याचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे निरनिराळे प्रकार होते. कोठे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, कोठे तो संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. १९१८ पासून महाराष्ट्रात या खेळास नियमांची शिस्त लावण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमांनिशी सामने भरविले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो युरोपास दाखविला, १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याचा प्रवेश झाला, १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे हा खेळ १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांपर्यंत पोहोचला त्यामागे शंकरराव साळवी, ज्यांना सारे बुवा साळवी म्हणत, यांच्यासारख्यांचे आयुष्य खर्ची पडले आहे.

हा इतिहास संस्थांचा झाला. गड्याचा इतिहास निराळा आहे आणि तो कागदावर फारसा नाही. मुंबईच्या लालबाग-परळच्या गिरणगावात संध्याकाळी पाळी सुटल्यावर चाळीच्या मैदानात खेळणारा तो तरुण. त्याचे वेतन गिरणीचे, खेळ हौसेचा. पुढे रेल्वे, बँका, पोलीस, बंदर, मोठमोठे कारखाने यांनी आपापले संघ बांधले आणि चांगल्या खेळाडूस नोकरी मिळू लागली. आमच्या पिढीच्या दृष्टीने कबड्डीचे सर्वांत मोठे पारितोषिक म्हणजे ढाल नव्हे, करंडक नव्हे; कायम नोकरी. पण त्या नोकरीसाठी निवड होताना नजर कोणावर जाई? चढाईवर. पाच जणांना शिवून परत आलेला दिसतो. कोपऱ्यावरचा मनुष्य दिसण्यासाठी तुम्हांस खेळ कळावा लागतो.

त्याचे काम जरा उलगडून सांगतो, कारण अनेक घरांत सामना पाहिला जातो पण कोपऱ्याकडे कोणी पाहत नाही. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. एका बाजूचे सात गडी हातांत हात घालून साखळी धरून उभे राहतात. दोन्ही टोकांस कोपरारक्षक. चढाई करणाऱ्यास तीस सेकंद मिळतात, आणि त्यास निदानरेषा ओलांडावी लागते. तो कोपऱ्याकडे वळला की कोपरारक्षकाने मागे सरायचे, त्याचा पाय लांब पडेल याची वाट पाहायची, आणि ज्या निमिषात त्याचे सारे वजन एका पावलावर येईल त्याच निमिषात झेप घालून घोटा धरायचा. आधी झेपावला तर शिवला गेला आणि बाद. उशीर झाला तर गडी मध्यरेषेपार. धरल्यावर मग साखळीतले इतर कोसळतात. त्या ढिगाऱ्याखाली बोटे निखळतात, गुडघे पिरगळतात, आणि पंचाची शिटी वाजल्यावर उठून पुन्हा हात धरायचा असतो. चढाई करणारा बसून दम घेऊ शकतो, कारण पाळी वाटून घेता येते. कोपऱ्यावरच्याला प्रत्येक चढाईस उभे राहणे आले.

२०१४ च्या जुलैत मुंबईत वरळीच्या बंदिस्त प्रेक्षागृहात प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या जुन्या व्यवस्थेत उलथापालथ झाली. मातीची जागा मॅटने घेतली, खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. माणसांचा लिलाव हा शब्द माझ्या कानांस अजूनही टोचतो, असो. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेशकुमार यास पाटण्याच्या संघाने लावली, बारा लाख ऐंशी हजार. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट लिलावाहून निराळी आहे. या लीगने मोजणी आणली. चढाईचे गुण एका रकान्यात आणि पकडीचे दुसऱ्या रकान्यात, ज्याचे त्याच्या नावावर. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड केली तर दोन गुण, त्यास अव्वल पकड म्हणतात. इतक्या वर्षांनी कोणीतरी मोजू लागले!

आणि या मोजणीचा पहिला मोठा लाभ झाला तो एका परदेशी माणसास. फझल अत्राचली हा इराणचा. जो देश आपल्याला 'पहिलवान' हा शब्द देऊन गेला, जेथे आजही झूरखान्यांत मुद्गल फिरवितात, त्या देशातून अंगमेहनतीचे खेळाडू यावेत यात नवल नाही. तो डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो. २०१५ साली मुंबईच्या 'यू मुंबा' संघाने विजेतेपद मिळविले त्या संघात तो होता. २०१६ साली पाटण्याकडून खेळताना त्यास हंगामातील सर्वोत्तम पकडपटूचा मान मिळाला. नंतर गुजरात. मग २०१८ च्या मे महिन्यात मुंबईस लिलाव झाला, त्यात मुंबईच्या संघाने त्याला एक कोटी रुपये देऊन परत आणले. लीगच्या इतिहासात कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू कोण, तर हा कोपऱ्यावरचा पकडीचा गडी.

मला हेफेलफिंगरची आठवण झाल्याविना राहिली नाही. तो मान फार वेळ टिकला नाही हेही सांगितले पाहिजे. त्याच लिलावात मोनू गोयत या चढाई करणाऱ्यास एक कोटी एकावन्न लाख मिळाले आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्याच्याकडे गेले. अमेरिकेतही असेच झाले होते. तेथे उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे उघडी पडते. १९८५ साली जो थाइसमन नावाच्या क्वार्टरबॅकचा पाय त्याच्यावर तुटून पडलेल्या प्रतिस्पर्ध्याखाली सर्वांच्या देखत मोडला, त्यानंतर ती डावी बाजू राखणाऱ्याचे मोल लोकांच्या ध्यानी येऊ लागले. आणि १९९३ साली खेळाडूंस आपला करार खुल्या बाजारात करण्याची मुभा मिळाली तेव्हा फळीतल्या डाव्या टोकाच्या माणसाचा भाव इतका चढला की कित्येक नामांकित चेंडूवाल्यांस त्याने मागे टाकले. डावा कोपरा आणि डावे टोक, हा केवळ योगायोग आहे. मी त्यातून सिद्धान्त काढीत नाही. परंतु दोन्हीकडे धरणाऱ्याचे मोल ठरले ते प्रेक्षकांच्या टाळीने नव्हे, हे मात्र खरे.

२०१८ चे साल फझलच्या आयुष्यात, आणि आमच्याही, आणखी एका कारणाने लक्षात राहावे. ऑगस्टमध्ये जकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. १९९० पासून भारताने पुरुषांच्या कबड्डीचे सुवर्णपदक एकदाही गमावले नव्हते. २३ ऑगस्ट रोजी उपान्त्य सामन्यात इराणने भारताला २७ विरुद्ध १८ गुणांनी हरविले. पुढे सुवर्णपदकही त्यांनीच नेले. इराणच्या संघात फझल होता, आणि आमच्या संघात गिरीश एर्नाक हा महाराष्ट्राचा डाव्या कोपऱ्यावरचाच गडी होता. त्या रात्री कित्येक घरांत जेवणे गोड लागली नसतील. आणि पुढे दीड-दोन महिन्यांत तोच फझल मुंबईचा पोशाख घालून उतरला, तेव्हा मुंबईकरांनी त्याला 'सुलतान, सुलतान' म्हणून डोक्यावर घेतले. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याने आपल्याला धरले, त्याची पकड कशी आहे हे आपल्याइतके कोणास ठाऊक?

मुंबईनंतर तो पुण्यास आला. २०२२ च्या हंगामासाठी 'पुणेरी पलटण'ने त्याला एक कोटी अडतीस लाख दिले आणि कर्णधार केले. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. १७ डिसेंबर रोजी जयपूरने ३३ विरुद्ध २९ असा तो जिंकला. पुढच्या लिलावात गुजरातने त्याच्यासाठी एक कोटी साठ लाख मोजले. पुण्याने त्याच वेळी दोन कोटी पस्तीस लाख देऊन घेतला तो महंमदरझा शादलुई, हाही इराणी, हाही डाव्या कोपऱ्याचा, वयाने लहान. आणि १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला २८ विरुद्ध २५ असे नमवून आपले पहिले विजेतेपद मिळविले. अस्लम नगर जिल्ह्यातला, चढाई करणारा. फोटोत करंडक त्याच्या हाती आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तो कर्णधार.

फझल तेव्हा बत्तिशीच्या घरात आला होता. २०२४ च्या लिलावात बंगालच्या संघाने त्यास घेतले ते पन्नास लाखांस. एक कोटी साठ लाखांवरून पन्नास लाख. पकड तीच, अनुभव अधिक. घटले ते काय, हे ज्याने कधी ढिगाऱ्याखालून उठून गुडघा चाचपला असेल त्यास सांगावे लागत नाही. पन्नास लाख ही काही लहान रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. गिरणगावातल्या त्या जुन्या कोपरारक्षकांना ती स्वप्नातही दिसली नसती. पण त्यांना साठाव्या वर्षापर्यंत नोकरी असे, हेही तितकेच खरे. या दोन्हींत बरे कोणते, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ही नवी मोजणी पकडीचा गुण ज्याने आधी झेप घातली त्याच्या नावावर टाकते. त्याच्यामागून जे दोघे-तिघे अंगावर कोसळून गड्याला मध्यरेषेपासून मागे खेचतात, ते त्या रकान्यात दिसत नाहीत. म्हणजे कोपऱ्यावरच्याचे नाव झाले, पण त्याचा हात धरून उभा असलेला अजून अनाम आहे. पिट्सबर्गच्या त्या फळीतल्या माणसांपुढे तर आजही कोणताच सोपा आकडा नसतो. त्यांच्या चुका तेवढ्या मोजल्या जातात.

गेल्या दिवाळीत हिंगोलीस गेलो होतो. कयाधूत पाणी बरेच होते, म्हणून मुले शाळेच्या पटांगणात खेळत होती. रेघा चुन्याच्या, मुलांच्या अंगात छापील बनियने. खेळ संपल्यावर एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पाणी पिण्यास आला. गुडघ्याला फडके बांधलेले होते.

मी विचारले, "कोणत्या जागेवर खेळतोस बाळा?"

"डाव्या कोपऱ्यावर, आबा."

"आणि गुडघ्याला काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि फडके जरा वर ओढून पुन्हा रेघेकडे गेला.